दारावर बसलेल्या बायका

मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर म्हणून मी बरीच वर्षं काढली. त्यातली एक दिवाळीची सुट्टी माझ्या डोक्यातून जात नाही. सगळ्या पोरी बॅगा उचलून आपापल्या गावी गेल्या होत्या आणि त्या रिकाम्या इमारतीत वरच्या मजल्यावरून एका बाईचा आवाज येत होता. अरबी बोलणारी, वयस्क, जरा तक्रारीच्या सुराची बाई. अशी कुठलीही बाई आमच्याकडे राहत नव्हती, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तरी पहिल्या दिवशी मी जिन्यातच थांबले, हातातल्या किल्ल्या घट्ट धरल्या, आणि मग माझं मलाच हसू आलं. वर एक मुलगी एकटी राहत होती. ती मोबाईलवर आपल्या आईचे जुने निरोप ऐकत होती. पुढे पुढे मला हसू येईनासं झालं.

मुलगी सुदानची. जळगावला सुदानची मुलगी कशाला येईल, असं लोक मला अजून विचारतात. शिष्यवृत्ती मिळाली म्हणून आली, मायक्रोबायॉलॉजी शिकायला. आली तेव्हा तिच्या देशात लढाई पेटलेली नव्हती. एम.एस्सी. संपेपर्यंत अशी पेटली की परत जायला वाटच उरली नाही. वडील पूर्वीच गेलेले. आई आणि आईची बहीण दारफुरमधल्या एका शहरात, आणि त्या शहराला बंदूकवाल्यांनी चारी बाजूंनी वेढा घातलेला. आईला कुठून इंटरनेट मिळालं की फोन यायचा. नाहीतर नाही.

विद्यापीठाने तिच्यासाठी काही केलं नाही असं मी म्हणणार नाही. केलं. तिला पीएच.डी.ला नोंदवून घेतलं, म्हणजे व्हिसा वाढला. फी माफ केली. सुट्टीत वसतिगृह बंद करायचा नियम तिच्यासाठी मोडला. एक समितीही नेमली, आणि रेक्टर म्हणून मी तिच्यात होते. समिती चहा घ्यायची, युद्धाबद्दल हळहळायची. एकदा एका थोर सदस्यांनी सुचवलं की मुलीने वार्षिक समारंभात ‘विश्वशांती’वर चार शब्द बोलावेत. मी म्हटलं, तिला तिच्या आईशी चार शब्द बोलता येत नाहीयेत, तेवढं आधी बघा. त्यानंतर मला चहाबरोबर बिस्किट कुणी पुढे केलं नाही.

तिला खरं सांभाळलं ते मेसमधल्या मावशीने. ही मावशी भाकरी करायची. शेजारच्याच खेड्यातली, पन्नाशी उलटलेली. तिचा मुलगा फौजेत होता. सीमेवर गेला आणि पेटीतून परत आला, ती पेटी उघडू दिली नाही. त्यानंतर विद्यापीठाने तिला मेसमध्ये कामाला घेतलं. मावशी त्याच्याबद्दल फारसं बोलायची नाही. भाकरी थापायची मात्र अशी की तव्यावर टम्म फुगलीच पाहिजे.

दोघींची गाठ ज्वारीमुळे पडली. सुदानमध्येही ज्वारी खातात. त्यांच्याकडे आंबवलेल्या पिठाची पातळ, मऊ पोळी होते, किसरा म्हणतात तिला. पहिल्या आठवड्यात ही मुलगी मेसमध्ये रडवेली बसली होती. कुणीतरी ताटात भाकरी टाकली. तिने वास घेतला, तुकडा मोडला आणि उठून सरळ स्वयंपाकघरात पिठाचा डबा बघायला गेली. मग आईचा व्हिडिओ कॉल आला की ती फोन घेऊन तव्यापाशी जायची. इकडून मावशी भाकरी दाखवायची, तिकडून आई किसरा दाखवायची. एकीला दुसरीचं एक अक्षर कळत नव्हतं. तरी दोघी बराच वेळ बोलायच्या आणि फोन ठेवताना हात हलवायच्या. मुलगी मावशीकडूनच आमची बोली शिकली. ‘आठे बठ’ म्हणून पोरींना शेजारी बसवायची, ‘काय करी राहिनी’ असं विचारून हसवायची.

अशात तिच्या खोलीतल्या मैत्रिणीचे वडील वारले. ती धुळ्याकडची, साक्रीच्या बाजूची. आम्ही विद्यापीठाची जीप काढली आणि पारोळ्यावरून, धुळ्यावरून तिच्या गावाला दारावर गेलो. आमच्या खानदेशात भेटायला जातात ते दारावर जातात. अंगणात, ओटीवर बायका डोक्यावर पदर घेऊन बसतात. बोलायला काही नसतं, तर बोलत नाहीत. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून भाऊबंदांच्या, शेजाऱ्यांच्या घरून भाकर येते. तिला कडू भाकर म्हणतात. गेलेल्याच्या माणसाने तिचा एक घास खाल्ल्याशिवाय बायका उठत नाहीत. मैत्रीण तोंड घट्ट मिटून बसली होती. तिच्या आत्याने तिच्या हनुवटीला धरून घास भरवला, आणि ती त्या घासासकट ओक्साबोक्शी रडली.

सुदानची मुलगी हे सगळं बघत बसली होती. परत येताना जीपमध्ये तिने मला विचारलं, “मॅडम, अगर वो नहीं खाती तो?”

“तर बायका उठल्या नसत्या. संध्याकाळ झाली तरी बसून राहिल्या असत्या.”

“और खा लिया, मतलब?”

मी जरा विचार केला. लहानपणापासून बघत आलेलं, पण असं कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, “मतलब, माणूस गेला हे मान्य केलं.” तिने मान हलवली.

त्यानंतर दिवाळीच्या तोंडावर तिच्या आईचं शहर पडलं. बातमी आम्ही सगळ्यांनीच मोबाईलवर वाचली. आईचा फोन त्याच्याही आधीपासून लागत नव्हता. निरोप पाठवला की त्याच्यापुढे एकच करडी खूण दिसायची, दुसरी उमटायचीच नाही. मुलगी रोज निरोप पाठवायची आणि त्या खुणेकडे बघत राहायची. पोरी सुट्टीवर गेल्या, मेस बंद झाली. मावशीने तिच्यासाठी घरून डबा आणायचं काम आपणहून घेतलं. आणि तो आवाज सुरू झाला.

एकदा मी तिला विचारलं, आई यात काय सांगतेय गं? ती म्हणाली, शेजारणीची शेळी आपल्या अंगणात येते म्हणून भांडतेय. दुसऱ्यात, कपाटाची किल्ली कुठे ठेवलीय ते सांगतेय. तिसऱ्यात नुसतीच कांद्याची तक्रार. पोरीने हे सगळे निरोप त्या त्या वेळी अर्धवट ऐकून सोडून दिले होते. आता ती पुन्हा पुन्हा लावायची. मी माझ्या क्वार्टरमध्ये भाजी निवडत असले तरी मला ती शेळीची तक्रार ऐकू यायची. क्वार्टर इतकं लांब की आवाज येणं शक्यच नव्हतं. तरी यायची.

मग कुणीतरी तिला एक व्हिडिओ पाठवला. तिची गल्ली. तिच्या घराचं निळं दार उभं होतं, चौकटीसकट, आणि त्याच्यामागे घर नव्हतं. तिने तो मला दाखवला, डबा घेऊन आलेल्या मावशीलाही दाखवला. मावशीने त्या दारावरून बोट फिरवलं. डबा ठेवला आणि गेली. पोरीने त्या डब्याला हात लावला नाही. त्याच्या आदल्या दिवशीही लावला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉचमनचा फोन आला. “मॅडम, तुम्ही या बरं इकडे. बाया येऊन बसल्यात.”

मी धावतच गेले. वरच्या मजल्यावर, तिच्या खोलीच्या बाहेर, भिंतीला पाठ लावून मेसमधल्या चार-पाच बायका बसल्या होत्या. सगळ्यांच्या डोक्यावर पदर. मध्ये फडक्यात बांधलेली भाकर. पुढे मावशी. आणि मुलगी दारात उभी होती. मला बघताच तिने जे विचारलं ते मला अजून ऐकू येतं.

“मॅडम, एम्बसी का फोन आया ना? आपको मालूम था ना?”

“नाही गं. कुणाचाच फोन नाही आला. खरंच नाही.”

“तो ये क्यों बैठे हैं? मैंने देखा है. उधर, धुलिया में. मुझे मालूम है ये कब बैठते हैं.”

तिला कुणी ही रीत शिकवली होती? आम्हीच. इतर कुणी परदेशी मुलगी असती तर तिला वाटलं असतं, बायका भेटायला आल्यात, काहीतरी खाऊ घेऊन. हिला सगळं कळत होतं. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता, आणि ती माझ्याकडे अशी बघत होती की जणू मी काहीतरी लपवून ठेवलंय आणि आता ते माझ्या तोंडून खेचून काढायचंय.

माझं डोकं फिरलं. मी मावशीवर ओरडले. “मावशी, हे काय मांडलंय? तिची आई गेली असं कुणी सांगितलं तुम्हाला?”

मावशी शांत होती. “कोनीच नही सांगं, मॅडम. पन घर पडी गयं, फोन बंद शे, पोरगी खास नही का पेस नही. तिनं कोन शे आठे? तिना दारवर कोन बठी?”

“पण आई जिवंत असली तर?”

मावशीने फडक्याची गाठ चाचपली. “मना पोऱ्यानी पेटी बी कोनी उघाडी नही, मॅडम. मी म्हने, तो त्यामा नहीच शे. घास खावाले नही म्हने मी. पन दारवरन्या बाया उठन्यात नहीत. दिन मावळना तवय मी एक घास खादा. नही खाती ते आजपावत वाटच देखत बठी राहती.”

बाई खोटं बोलत नव्हती. तिला ज्याने वाचवलं होतं, तेच ती फडक्यात बांधून घेऊन आली होती. आणि दारात उभ्या असलेल्या पोरीला त्याच फडक्याची भीती वाटत होती.

“मैं नहीं खाऊँगी,” मुलगी म्हणाली. “मैंने खाया तो वो मर जाएगी.”

“तू घास खादाबिगर आम्हले उठता येस नही, माय,” मावशी म्हणाली. हे धमकी म्हणून नाही, अडचण म्हणून सांगितलं. इतक्या मोठ्या आयुष्यात ती कुठल्याच दारावरून तशी उठली नव्हती. बाकीच्यांनी माना हलवल्या.

मुलीने दार लावून घेतलं. आतून कडी वाजली. बाहेर बायका तशाच बसल्या. मी मध्ये उभी, ना आतली ना बाहेरची. कुलगुरूंना फोन करावा, समितीला कळवावं, असे मूर्ख विचार माझ्या डोक्यात येत होते. समिती येऊन काय करणार होती?

तेवढ्यात आतून आवाज सुरू झाला. पोरीने फोनचा आवाज होता तेवढा मोठा केला होता. ती शेळी. ती कपाटाची किल्ली. तो कांदा. एकामागून एक. सगळ्या मजल्यावर ती बाई बोलायला लागली, रागावायला लागली, मध्येच खोकली, मध्येच कुणाला तरी हाक मारून पुन्हा आपल्या तक्रारीवर आली. बायकांना भाषा कळत नव्हती, पण आई मुलीला उगाच काय काय सांगत बसते ते त्यांना कळल्याशिवाय कसं राहील? मावशीने चटकन मान वर केली. “हाई ते तिनी माय शे,” ती म्हणाली. फोनवर कितीदा ऐकलेला आवाज तो.

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. जिच्यासाठी बसायचं तीच आतून बोलतेय म्हटल्यावर बसायचं कसं? त्यांतली एक उठली, मग दुसरी. पदर सावरत, हळूहळू, जिन्याकडे वळल्या. घास कुणी खाल्ला नव्हता. मावशी सगळ्यांत शेवटी उठली. दारावर आणलेली भाकर परत आपल्या चुलीपाशी नेत नाहीत, म्हणून तिने ती कंपाउंडच्या भिंतीवर ठेवली. कावळ्यांनी नेली असेल. मी बघितलं नाही.

ही गोष्ट वर कळायची ती कळलीच. समिती बसली. समुपदेशक बाई आल्या, चांगल्या होत्या, पोरीशी नीट बोलल्या. पण त्यानंतर एक परिपत्रक निघालं की सदर विद्यार्थिनीशी कुणीही तिच्या कुटुंबाबद्दल किंवा युद्धाबद्दल बोलू नये. हेतू वाईट नव्हता. मला मात्र ते वाचून चीड आली, अजूनही येते. सुट्टी संपली, पोरी परतल्या, मेस सुरू झाली, आणि त्या मुलीभोवती सगळं चिडीचूप झालं. आधी मावशी रोज विचारायची, “मायना फोन उना का वं?” आता ताटात भाकरी टाकायची आणि नजर तव्याकडे वळवायची. नोकरी जाईल ही भीती होतीच, पण त्याहून जास्त तिला वाटत होतं की आपण पोरीला दुखवलं.

पोरीला काय वाटायचं? ती समोरून येताना आधी माझा चेहरा वाचायची. माझा, मावशीचा, ऑफिसातल्या क्लार्कचा, सगळ्यांचा. जो तो गप्प आहे म्हणजे जो तो काहीतरी जाणून आहे, असं तिच्या मनाने घेतलं होतं. खरं म्हणजे आम्हाला कुणालाच काही ठाऊक नव्हतं. न सांगण्यासारखं आमच्याकडे काही असतं तर निदान सांगता तरी आलं असतं.

वरच्या मजल्यावरचा आवाज चालूच राहिला. इतर पोरी घाबरायच्या. दोघी-तिघींनी खोली बदलून मागितली, मी दिली.

थंडी सरता सरता फोन आला. आईचा नाही, मावशीचा, म्हणजे आईच्या बहिणीचा. ती सीमेपलीकडे चाडमधल्या एका छावणीत पोचली होती आणि कुणाच्या तरी फोनवरून बोलत होती. दोघी बहिणी शहर पडलं तेव्हा चालत निघाल्या होत्या. आई वाटेत गेली. रस्त्याच्या कडेला पुरलं, माती हिनेच लोटली. मुलगी माझ्या ऑफिसात येऊन हे सगळं सरळ सुरात सांगत होती, एखाद्या प्रयोगाचे निष्कर्ष सांगावेत तसं. मग थांबली, मनात काही हिशोब केला आणि म्हणाली, “मॅडम, जिस दिन मावशी लोग बैठे थे ना, उससे पहले ही.”

त्या दिवशी शेळीवरून भांडणारी ती बाई तेव्हाच मातीखाली होती, आणि दारावरच्या बायका तिचाच आवाज ऐकून उठल्या होत्या.

गावातल्या मशिदीत तिच्या आईसाठी नमाज झाली. मुस्लीम प्राध्यापकांच्या घरच्या बायका येऊन तिच्याजवळ बसल्या, कुराण वाचून गेल्या. विद्यापीठानेही सभागृहात शोकसभा घेतली. फुलं होती, उदबत्ती होती, दोन मिनिटं उभं राहणं होतं. विश्वशांतीवाले सदस्य बोलले, आणि या वेळी त्यांचा आवाज खरंच कापला, हे मला कबूल केलं पाहिजे. मुलगी पहिल्या रांगेत बसली होती. डोळे कोरडे. फोन आल्यापासून ती रडली नव्हती, आणि जेवलीही नव्हती. मेसच्या बायका पार मागे, दाराबाहेर उभ्या होत्या. आत यायचं धाडस त्यांना झालं नाही. त्या दिवसानंतर त्यांनी तिच्या मजल्यावर पाऊल ठेवलं नव्हतं.

सभा संपली. लोक तिला भेटायला रांगेत उभे राहणार तेवढ्यात ती उठली आणि बाजूच्या दाराने बाहेर पडली. मी मागे गेले. ती सरळ मेसच्या मागच्या दाराशी गेली. मावशी परत येऊन पीठ मळायला बसली होती. दुपारच्या भाकरी व्हायच्या होत्या.

“मावशी,” मुलगी म्हणाली, “आते बठ ना मना दारवर.”

मावशीने आधी माझ्याकडे बघितलं. परिपत्रक तिच्या डोळ्यांत मला स्पष्ट दिसलं. मी मान हलवली. त्या कागदाचं काय व्हायचं ते होवो.

मावशीने हात धुतले, गॅस बंद केला. मुलीने परातीकडे बोट केलं, तर म्हणाली, “मेसनी भाकर चालस नही, माय. घरनी लागस.” आणि गेली. तिच्यामागे बाकीच्याही गेल्या. त्या दुपारी मेसमध्ये भाकरी झाल्या नाहीत. पोरींना मी नुसता भात खायला लावला आणि कुरकुर करणाऱ्यांना दटावलं.

त्या आल्या तेव्हा ऊन कलत होतं. या वेळी चार-पाच नाही, जास्त होत्या. जिन्यात पावलं वाजली. मुलगी दार उघडं टाकून उंबऱ्याशी बसली होती, डोक्यावर ओढणी घेऊन. फोन तिने आत गादीवर ठेवला होता. बायका भिंतीला टेकून बसल्या. मीही बसले, त्यांच्यातच.

बऱ्याच वेळाने मावशीने फडकं सोडलं. भाकरीचा तुकडा मोडला, त्याच्यावर चिमूटभर ठेचा लावला आणि तिच्या तोंडाशी नेला. मुलीने तोंड उघडलं. चावायला तिला फार वेळ लागला. आम्ही सगळ्या तिच्या जबड्याकडे बघत होतो.

तिने गिळलं.

“अब मर गई,” ती म्हणाली.

हा शब्द तिच्यासमोर उच्चारायचं आमच्यापैकी कुणाला धाडस झालं नव्हतं. समितीला नाही, समुपदेशक बाईंना नाही, मला तर नाहीच.

“हाव वं माय,” मावशी म्हणाली. “आते मरी गयी.” आणि दुसरा घास मोडला.